अण्णांचा अल्बम आणि माझी पायपेटी

मे महिन्याच्या दुपारी नागपुरातला शहाणा माणूस दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडून राहतो. मी यंदा सलग सहा दुपारी कूलर बंद करून, बनियनवर, बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकून बसलो होतो. समोर बाबांची पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन, उघडी पडलेली, वर्तमानपत्रावर तिच्या रीड्स ओळीने मांडलेल्या, हातात घड्याळजीकडून मागून आणलेली बारीक कानस. कूलर बंद ठेवायचं कारण साधं आहे. दोन सूर जवळजवळ जुळले पण पूर्ण जुळले नाहीत, की त्यांच्यात एक लाट उठते, वांव-वांव-वांव अशी. ती लाट हळूहळू संथ होत थांबली की सूर लागला. कूलरच्या घरघरीत ती लाट ऐकूच येत नाही. आमची ही दर तासाने दारातून डोकावायची. "झालं का ऑपरेशन?" म्हणायची आणि ताकाचा गडू ठेवून जायची.

हे सगळं अण्णांमुळे.

अण्णा आमच्या महाल भागातल्या जुन्या नाटकमंडळींपैकी. वय 74. नोकरीभर सरकारी कचेरीत फायली आणि संध्याकाळी तालीम, असं आयुष्य गेलं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना इंटरनेटवर नाव आलेलं आवडत नाही. पेपरात आलेलं मात्र चालतं, कात्रण काढता येतं म्हणून. मानापमानातला धैर्यधर, सौभद्रातला अर्जुन, कट्यार काळजात घुसलीमधला सदाशिव अशा भूमिका त्यांनी हौशी रंगभूमीवर केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच प्रयोगांना पेटीवर मी होतो. अण्णा गवई नाहीत. ते गाणारे नट आहेत. हा फरक ज्याला कळत नाही, त्याला पुढचं सगळं आमचा पोरखेळ वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मार्चमध्ये एके दिवशी अण्णा घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी अल्बम काढून राहिलो. आठ पदं. ऑर्केस्ट्रा घेऊन."

मी काहीच बोललो नाही. नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. गणपतीत, शारदोत्सवात चौकात मांडव पडतो, ऑक्टोपॅडवाला दिव्यांच्या माळेत बसलेला असतो, सोनेरी जाकीट घातलेला निवेदक शेर म्हणतो आणि मग मुकेश, किशोर, लता एकामागून एक. आमच्या तबलजीला हे सांगितलं तेव्हा तो तर गंभीर होऊन म्हणाला, "अण्णा आता मुकेश गाणार? वय झालं की असं होते बाप्पा."

कल्पना अण्णांच्या भाच्याची होती. भाचा पुण्यात असतो, जाहिरातींचं संगीत करतो, अरेंजर आहे. मुलगा कामाचा आहे, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल थोडं वाकडं लिहिणार आहे. त्याने मामाला परदेशातल्या रंगभूमीवरच्या नटांचे अल्बम ऐकवले होते. तिकडे नट म्हातारा झाला, की तो आपल्या नाटकांमधली गाणी निवडून भरगच्च वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित करतो, म्हणे. भाच्याने इतिहासही सांगितला: 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या ओक्लाहोमा या संगीतिकेची गाणी डेका कंपनीने त्याच नटांना आणि त्याच वाद्यवृंदाला घेऊन मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या संचात काढली आणि तिकडे तो पायंडा पडला.

"आपल्याकडे त्याच्या आधीपासून आहे की," मी म्हणालो. बालगंधर्वांच्या तबकड्या आमच्या आजोबांकडे होत्या. मानापमान 1911चं, स्वयंवर 1916चं. त्यातली पदं तबकडीवर येऊन घराघरात वाजत होती.

"त्यात ऑर्केस्ट्रा कुठे आहे?" भाचा म्हणाला.

खरं आहे, नाही. त्यात ऑर्गन आहे, तबला आहे, सारंगी आहे. गंधर्व मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा होते. एवढे लोक असताना पन्नास व्हायोलिनं हवीत कुणाला? पण मी गप्प बसलो, कारण अण्णांच्या तोंडावर एक जुना भाव होता. पडदा उघडायच्या आधी विंगेत असायचा तोच.

आता पेटीचं सांगतो. बाबांची पायपेटी घडीची आहे, 49 पट्ट्यांची, दोन रीडसंचांची. हातपेटी वारा बाहेर फेकून वाजते, ही आत ओढून. म्हणून हिचा आवाज गोल येतो, गायकाच्या आवाजाच्या मागे उभा राहतो, पुढे घुसत नाही. नाटकवाल्यांनी ऑर्गन का उचलला, याचं अर्धं उत्तर या ओढलेल्या वाऱ्यात आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं आवाजात: माईक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचायला हवा. गुडघ्याने बाजूची फळी दाबली की आवाज मोठा होतो आणि हात मोकळे राहतात. बाबा ती फळी अशी दाबायचे, की नटाच्या श्वासाबरोबर पेटी फुगायची. रेडिओवर 1940 पासून हार्मोनियमला बंदी होती, ती 1971 मध्ये उठली. बाबा हसून म्हणायचे, "माझ्या पेटीला शहरात दोनच ठिकाणी मज्जाव नाही. नाटकात आणि देवळात."

पण बाबांची पेटी जुन्या विलायती पट्टीला लावलेली. ट्यूनर धरला तर जिथे सेकंदाला 440 कंपनं यायला हवीत तिथे 452. म्हणजे पाव सूर चढी. अण्णा चाळीस वर्षं या चढ्या पेटीबरोबर गायले, त्यांच्या गळ्यात काळी एक ही पट्टी म्हणजे आमच्या पेटीची काळी एक. भाच्याचा कीबोर्ड, सॅक्सोफोन, व्हायोलिनं, सगळं 440ला. तो सरळ म्हणाला, "काका, ऑर्गनचा आवाज माझ्याकडे लॅपटॉपमध्ये आहे. तुमची पेटी कशाला?"

अण्णा उठले, चपला घालू लागले. "मग अल्बम राहू दे."

तिथून त्या सहा दुपारी आल्या. रीड म्हणजे पितळेची जीभ. टोकाला खरडली की हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी खरडली की सूर उतरतो. मला सगळ्या उतरवायच्या होत्या, म्हणजे प्रत्येक जिभेच्या मुळाशी कानस. 98 जिभा. जरा जास्त खरडलं की जीभ लुळी पडते, मग ती बदलावी लागते आणि तसली रीड आता मिळायची कुठे? तिसऱ्या दिवशी खर्जातला एक सूर वाजेना. काढून पाहिलं तर आत वाळलेली मुंगी. ती मुंगी काढली, सूर बोलला, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा त्या खोलीत खर्जाचा षड्ज नीट घुमला. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलं?"

ध्वनिमुद्रण जूनच्या पहिल्या आठवड्यात, शहरातल्याच एका छोट्या स्टुडिओत. वादक चौदा. सहा व्हायोलिनं, एक चेलो, बासरी, सॅक्सोफोन, गिटार, कीबोर्ड, तबला, मी आणि क्लॅरिनेट. क्लॅरिनेटवाला लग्नाच्या बँडमधला, साठीचा माणूस, सीझन संपला म्हणून मोकळा. टोपी काढून आत आला, अण्णांच्या पाया पडला आणि कोपऱ्यात बसून काडी ओली करू लागला. व्हायोलिनवाली पोरं-पोरी मात्र संगीत शाळांमधली, वाचून वाजवणारी. स्टँडवर स्वरलिपीचे कागद. भाच्याने प्रत्येकाला हेडफोन दिला.

पहिला भाग सुरेख झाला, हे सांगितलंच पाहिजे. अण्णांनी हट्ट धरला होता की सुरुवात शाकुंतलाच्या नांदीने व्हायची. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल, 31 ऑक्टोबर 1880, पुणे. तिथून आपलं संगीत नाटक सुरू झालं आणि नांदीशिवाय प्रयोग नाही, तर अल्बम कसा असेल? भाच्याने त्यासाठी कोरस म्हणून चार गायक बोलावायचं ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "नांदी मंडळी म्हणते. सगळे म्हणा." मग चौदाही जण उभे राहिले. व्हायोलिनवाल्या पोरांनी मोबाइलवर शब्द काढले. क्लॅरिनेटवाल्याला शब्द पाठ होते. मी विचारलं, "कुठे शिकले बाप्पा?" तो म्हणाला, "झाडीत. धा वर्सं नाटकात वाजवलं."

झाडीपट्टीचं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात कापणी झाली की गावोगाव नाटकं लागतात. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्री दहाला पडदा आणि पहाटे कोंबडा आरवला की भरतवाक्य. साथीदार मंचासमोर बसतात. मीही तिथे दोन सीझन ऑर्गन वाजवला आहे. डिसेंबरात पहाटे तीनला बोटं पट्ट्यांवर टेकत नाहीत, शेजारी शेकोटीवर हात शेकायचे आणि पुढचं पद आलं की धावत यायचं. तिथले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या तबलजीने पेढे वाटले होते, स्वतःला मिळाल्यासारखे. असो. मुद्दा एवढाच की आमच्या विदर्भात संगीत नाटक म्हणजे पुण्यामुंबईहून आलेली आठवण नव्हे. ते इथे अजून थंडीत कुडकुडत जिवंत आहे, आणि त्याचे साथीदार उन्हाळ्यात लग्नाच्या वराती वाजवतात.

नांदी एका टेकमध्ये झाली. मग मानापमानातलं धैर्यधराचं पद आलं आणि गाडं अडलं.

भाच्याने पदाच्या आधी चाळीस सेकंदांचा म्युझिक पीस लिहिला होता. वाईट नव्हता. चेलो खालून यायचा, वर व्हायोलिनं, मग बासरी, आणि मग अण्णांचा मुखडा. हेडफोनात लय दाखवणारा क्लिक, टक-टक-टक-टक. पहिल्या टेकला अण्णा अर्ध्या मात्रेने उशिरा आले. दुसऱ्याला लवकर. तिसऱ्याला आलेच नाहीत, डोळे मिटून उभे राहिले. सातव्या टेकला भाचा काचेपलीकडून म्हणाला, "मामा, फक्त क्लिक ऐका." अण्णा म्हणाले, "ऐकूनच राहिलो." आवाज कोरडा, सपाट. सूर बरोबर होते. पण गाणं कुणाचं तेच कळत नव्हतं.

चहाची सुट्टी झाली. व्हायोलिनवाली पोरं मोबाइल काढून बसली. भाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मी त्यांचा टायमिंग एडिटमध्ये सरकवून घेतो. काळजी नका करू." मी म्हणालो, सरकव. पण मला आतून ठाऊक होतं की सरकवायची गोष्ट टायमिंग नाहीच.

नाटकात पद सुरू होतं ते संगीताने नाही, वाक्याने सुरू होतं. समोरचं पात्र काहीतरी बोलतं, ते लागतं, नट दोन पावलं टाकतो, शेवटचं गद्य वाक्य उच्चारतो आणि त्या वाक्याच्या शेपटीवर पेटीवाला एकच सूर देतो. एकच. चाळीस सेकंद नाही, चार सेकंदही नाही. तबलजी हात तबल्यावर ठेवून नटाच्या खांद्याकडे बघत असतो. खांदा हलला की पहिला ठोका. अण्णा कधीही वेळेवर आले नाहीत आणि कधीही चुकले नाहीत, कारण वेळ तेच ठरवत होते. आणि आता त्यांना चाळीस सेकंद चेलो ऐकत माईकसमोर पुतळ्यासारखं उभं केलं होतं. चाळीस सेकंद धैर्यधर काय करत होता? लष्करातला माणूस असा उभा राहतो का नुसता?

भामिनी म्हणजे मानापमानातली नायिका. मी अण्णांना विचारलं, "भामिनीचं वाक्य देऊ का?"

ते हसले. त्या दिवशीचं पहिलं हसू. "देतोस? पाठ आहे?"

पाठ नव्हतं, पण तबलजीच्या मोबाइलवर संहिता सापडली. मी पेटीवरून उठलो नाही. पायाने भाता मारत, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या या तंबाखूने खराब झालेल्या आवाजात भामिनीचं वाक्य म्हटलं. समोरची एक व्हायोलिनवाली खुदकन हसली. अण्णांनी उत्तराचं वाक्य म्हटलं, मागे वळले, दोन पावलं टाकली, माईकपासून लांब गेले. भाचा आत ओरडत होता, ते कुणी ऐकलं नाही. परत आले, खांदा हलला. तबलजीने ठोका दिला. हेडफोन अण्णांनी गळ्यात उतरवून ठेवला होता. क्लिक नाही, चेलो नाही, फक्त पेटी आणि तबला.

तो टेक अल्बमवर आहे.

पद संपल्यावर कुणी काही बोललं नाही. क्लॅरिनेटवाल्याने कोपऱ्यातून, सवयीने, अगदी खालच्या आवाजात म्हटलं, "वन्स मोअर." अण्णांनी त्याच्याकडे पाहून मान लववली आणि शेवटच्या कडव्यापासून पुन्हा म्हटलं. स्टुडिओत तासाने पैसे लागतात हो. पण वन्स मोअर आला तर नट काय करणार?

भाच्याचा खरा मोठेपणा इथे दिसला. तासभर तो लॅपटॉपवर मान घालून बसला आणि मग बाहेर येऊन म्हणाला, "उलटं करू." म्हणजे आधी मामा, पेटी, तबला. क्लिक न लावता, संवाद म्हणून, जसं नाटकात व्हायचं तसं. मग त्या ध्वनिमुद्रणावर तो प्रत्येक समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, हाताने खूण करणार, लय जिथे ताणली तिथे ताणणार, आणि दुसऱ्या दिवशी व्हायोलिनं त्या खुणांमागून जाणार. "वादक नटामागून जातील," तो म्हणाला. मी म्हटलं, बाळा, यालाच साथ म्हणतात. त्याला राग आला नाही, माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनवाल्या पोरांची दमछाक झाली. अण्णा एका ओळीत तीनदा लय बदलतात, कारण धैर्यधर एका ओळीत तीनदा विचार बदलतो. पोरं आधी वैतागली, मग त्यांना मजा येऊ लागली. एकीने कागदावर समेच्या जागी पेन्सिलीने लिहिलं होतं, "इथे अण्णा पाणी पितात." पाणी पीत नव्हते, आवंढा गिळत होते, पण खूण अचूक होती.

आता अल्बम कसा झाला, ते विचाराल. माझं प्रामाणिक मत: आठांपैकी तीन पदं ऑर्केस्ट्राने मोठी झाली, तीन होती तशीच राहिली, दोन बुडाली.

सर्वांत सरस जमलं ते लेकुरे उदंड जाहलीमधलं. 1966चं वसंत कानेटकरांचं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं. त्यातली गाणी मुळातच बोलत-बोलत जाणारी, चटपटीत. श्रीकांत मोघे यांच्यासारख्या नटासाठी ती चपखल होती. तिथे सॅक्सोफोन आणि व्हायोलिनं चिमटे काढत मागून येतात आणि अण्णा त्यांना उत्तर देतात. ते ऐकून वाटतं की हे पद पायपेटीने अडवून ठेवलं होतं. माझ्या पेटीविरुद्ध मीच साक्ष देतो आहे, लक्षात घ्या. अभिषेकीबुवांनी साठच्या दशकात नाट्यपद आटोपशीर केलं, अर्ध्या तासाची तानबाजी काढून टाकली. अशा पदांना वाद्यवृंद पेलतो. जिथे नटाने एकेक जागा उकलत जायची असते, तिथे व्हायोलिनं आधीच भावना सांगून मोकळी होतात. अण्णांनी रडायच्या आधी चेलो रडून घेतो. मग अण्णांनी काय करायचं?

कट्यारचं प्रकरण वेगळं. ते नाटक आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचं, 24 डिसेंबर 1967चं, आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. तेही नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकलेले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं. त्या नाटकात एकच कविता दोन घराण्यांच्या दोन चालींत येते: घेई छंद मकरंद. पंडितजींची चाल एक, खाँसाहेबांची दुसरी. भाच्याचा बेत असा की संथ चाल पेटीवर आणि दुसरी, चपळ, पूर्ण ऑर्केस्ट्राने. कागदावर छान. प्रत्यक्षात चपळ चालीत सहा व्हायोलिनं एकत्र धावली आणि धुरळा उडाला. मधे अण्णांचा आवाज वरातीत हरवलेल्या मामासारखा. शेवटी भाच्याने व्हायोलिनं काढून टाकली आणि एकट्या क्लॅरिनेटला ठेवलं. बँडवाल्या माणसाने वसंतरावांच्या चालीमागे जे वाजवलं, ते ऐकून तबलजीने कान धरले.

आणि मग नववं. ते ठरलेलंच नव्हतं.

अण्णा दर 23 जानेवारीला सावनेरला जातात. नागपूरहून चाळीसेक किलोमीटर. राम गणेश गडकरी 1919 मध्ये त्या दिवशी तिथे गेले, वय 33. एकच प्याला रंगमंचावर आलं ते त्यांच्या मागे, त्याच वर्षी फेब्रुवारीत बडोद्याला, आणि त्यातली पदंही त्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. अण्णांनी त्यात नायक सुधाकर केला होता. सुधाकराचं सगळं बळ गद्यात. "नटाचा अल्बम आहे," अण्णा म्हणाले, "मग गद्य का नको? मी सुधाकराचं बोलतो. तू नुसता षड्ज धर."

भाचा घड्याळाकडे पाहत होता. स्टुडिओचे शेवटचे पंचवीस मिनिटं उरले होते. व्हायोलिनवाल्यांनी पेट्या बंद केल्या होत्या, पण गेलं कुणी नाही.

मी खर्जाचा षड्ज धरला. तोच, मुंगीवाला. अण्णा खुर्चीत बसून बोलले. उभे राहिले नाहीत. साडेतीन मिनिटं. मी दुसरं बोट हलवलं नाही, फक्त गुडघ्याची फळी दाबत आणि सोडत राहिलो. त्यांचा आवाज चढला की सूर थोडा फुगे, ते थांबले की तो मागे सरके. 78च्या तबकडीच्या एका बाजूला जेवढा वेळ मावायचा, साधारण तेवढंच झालं; हे मला नंतर लक्षात आलं. थिएटरात अर्धा अर्धा तास गाणाऱ्या माणसांनी पदं त्या एवढ्याशा वेळात बसवली होती. त्यांनी काय काय सोडून दिलं असेल आणि काय धरून ठेवलं असेल, याचा विचार मी तबकड्या ऐकताना कधी केला नव्हता.

त्या ध्वनिमुद्रणात एक दोष आहे. भात्याच्या डाव्या पायदानाची बिजागरी कुरकुरते. दर चार-पाच सेकंदांनी, किर्र. भाच्याने ते काढायचा खूप प्रयत्न केला. निघालं नाही, कारण ते नेमकं अण्णांच्या थांबण्यात येतं. तो म्हणाला, "काका, सॉरी, हे राहील." मीही वरवर हळहळलो.

अल्बम गेल्या महिन्यात तयार झाला. अण्णांना हातात काहीतरी हवं होतं, तबकडी नाही तर कॅसेट तरी. त्यांच्या नातवाने पेनड्राइव्ह आणून दिला, तो त्यांनी दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला आणि सुपारीच्या डबीत ठेवला. पहिल्यांदा ऐकला तो माझ्याकडे, बैठकीत, पंखा बंद करून. ऑगस्टची दमट संध्याकाळ, बाहेर तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल विकायला बसलेल्यांची ओरड. हिने पोहे केले होते, वर तर्री. अण्णांनी एकदाही दाद दिली नाही. कट्यारच्या क्लॅरिनेटला फक्त मान हलवली. लेकुरेला पायाने ताल धरला. आणि नवव्याला, पहिली किर्र आली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा तू."

झाल्यावर म्हणाले, "पेटी काढ."

मी पेटी उघडली. त्यांनी धैर्यधराचा मुखडा घेतला आणि मी सूर दिला. जमेना. अल्बमच्या दोन दिवसांत ते 440वर गायले होते खरे, पण घरी बसल्यावर गळा आपोआप आमच्या जुन्या पट्टीत गेला, पाव सूर वर. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग थांबले.

"ही परत चढव ना."

"अण्णा, चढवायची म्हणजे आता टोकाकडून खरडावं लागेल. मुळाशी आधीच खरडल्या आहेत. दोन्हीकडून पातळ झाल्या तर एखादी तुटायची."

ते थोडा वेळ पेटीकडे बघत बसले. मग घोटभर पाणी प्यायले, खांदा हलवला.

"मग राहू दे. मी उतरतो. सूर दे."